दहाव्या डावातही दगा का दिला नाही?

अर्धविराम (सोमवार, रात्री ९:४०)

गेल्या आठवड्यात नव्या सहकाऱ्यांच्या प्रशिक्षणात मला दोन तास भरून काढायचे होते. पाहुण्या वक्त्यांनी ऐन वेळी टांग मारली होती. हाताशी कोरे कागद, एक कात्री आणि जांभया देणारी चोवीस माणसं. म्हटलं, चला, कैद्यांचा पेच खेळू.

बारा जोड्या केल्या. डाव दहाच होतील हे आधीच सांगितलं. प्रत्येक डावात दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर डावाचा आकडा आणि एक अक्षर लिहायचं. 'स' म्हणजे साथ, 'द' म्हणजे दगा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. दोघांचा स आला तर दोघांना ३-३ गुण. दोघांचा द आला तर १-१. एकाचा स आणि दुसऱ्याचा द, तर दगेबाजाला ५ आणि साथ देणाऱ्याला भोपळा.

पुस्तकी हिशोब सरळ आहे. दहाव्या डावानंतर कुणी उट्टं काढू शकत नाही, म्हणून दहाव्यात द. दहाव्यात द येणार हे ठरलेलंच असेल तर नवव्यात सज्जनपणा करून मिळणार काय? तिथेही द. असं उलटं मोजत गेलं की पहिल्याच डावापासून दोघांनी एकमेकांचा गळा धरायला हवा.

झालं भलतंच. सातव्या-आठव्या डावापर्यंत बहुतेक जोड्या गुण्यागोविंदाने स-स. नवव्यात चुळबुळ. दहाव्यात बाजार उठला, अकरा जोड्यांत कुणी ना कुणी द टाकलाच. एक जोडी मात्र दहाही डाव स-स. दोघांना ३०-३०. दोघांची ओळख त्याच दिवशी सकाळची, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघं वेगवेगळ्या इमारतींत जाणार होते.

तर प्रश्न दोन. एक, हिशोब पहिल्यापासून दगा द्या म्हणत असताना माणसं साथ का देतात? दोन, त्या जोडीने दहाव्यात काय पाहिलं? 'संस्कार' हे उत्तर कृपया लगेच देऊ नका, ते शेवटी काही सुचलं नाही तर वापरू.

खोडरबर (सोमवार, रात्री ९:५२)

संस्कार.

अर्धविराम (सोमवार, रात्री ९:५३)

वाटलंच होतं.

चक्रम चिमणी (सोमवार, रात्री १०:१५)

मस्त धागा. जागा धरून ठेवते, उद्या सविस्तर लिहीन.

गणितातला काटा (सोमवार, रात्री १०:४८)

दुसऱ्या प्रश्नाचं माहीत नाही, पहिल्यावर लिहितो.

तुमच्या खोलीत जे झालं तेच हा पेच जन्माला आला तेव्हाही झालं होतं. १९५० साली अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी हा खेळ मांडला. दोन कैदी आणि पोलिसांची गोष्ट (वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेले दोन साथीदार, जो दुसऱ्याविरुद्ध बोलेल त्याला सूट) अल्बर्ट टकर यांनी नंतर चढवली, श्रोत्यांना समजावं म्हणून. फ्लड आणि ड्रेशरनी आपल्या दोन ओळखीच्यांना, अर्थतज्ज्ञ आर्मेन अल्चियन आणि गणिती जॉन विल्यम्स यांना, लागोपाठ शंभर डाव खेळायला बसवलं. दोघंही शिकलेसवरलेले, हिशोब कळणारे. तरी शंभरापैकी ६० डावांत दोघांनीही साथ दिली. खेळता खेळता दोघं वहीत शेरे लिहीत होते, त्यात समोरच्याच्या नावाने बोटं मोडणंही आहे.

यावर गणिती जॉन नॅशचं म्हणणं असं की हे शंभर वेगळे खेळ नाहीतच, हा शंभर चालींचा एक मोठा खेळ आहे. मला सगळी किल्ली या वाक्यात दिसते. समोरचा पुन्हा भेटणार असेल तर आजच्या चालीची किंमत उद्या चुकवावी लागते.

आकड्यात सांगतो. डाव संपल्यावर पुढचा डाव होण्याची शक्यता 'श' धरा. समोरचा एकदा दगा खाल्ला की कायमचा तुटणारा आहे. त्याला दगा दिलात तर आज ५ आणि पुढे प्रत्येक वेळी १. साथ देत राहिलात तर प्रत्येक वेळी ३. गणित सोडवलं की साथ परवडायला श निदान अर्धा हवा. म्हणजे नाणं उडवून छाप आली तरच पुढचा डाव, इतक्या अनिश्चित नात्यातही साथ तगू शकते. आणि समोरचा कायमचा न तुटता फक्त जशास तसं वागणारा असेल तर श दोन तृतीयांश लागतो, कारण अशा माणसाला एक आड एक फसवत राहणंही शक्य असतं.

अर्धविराम, तुमची चूक एवढीच की डाव दहा हे आधी सांगितलंत. 'कधीही थांबवेन' म्हणाला असतात तर ते उलटं मोजणं सुरूच झालं नसतं.

उंटावरून (सोमवार, रात्री ११:३०)

काटासाहेब, झकास. पण ॲक्सेलरॉडच्या स्पर्धेशिवाय हा धागा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. लिहितो थोडं.

रॉबर्ट ॲक्सेलरॉड राज्यशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी तज्ज्ञांना कळवलं की हा पेच खेळणारा संगणक-प्रोग्राम पाठवा, आपण सगळ्यांना सगळ्यांशी भिडवू. १४ प्रवेशिका आल्या, त्यात कशाही चाली करणारा एक वेडा प्रोग्राम घालून १५ झाले. प्रत्येक सामना २०० डावांचा. एकेक डोकेबाज प्रोग्राम होते. कुणी आकडेशास्त्र लावून समोरच्याचा स्वभाव ओळखत होता, तर कुणी जशास तसं वागता वागता दर दहा चालींत एखादा दगा हळूच सरकवत होता. आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार. जिंकला कोण, तर सर्वांत छोटा प्रोग्राम. अनातोल रॅपोपोर्ट यांचा 'जशास तसे'. पहिली चाल साथ, पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच.

गंमत अशी की हा गडी कुठल्याही सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही! बरोबरी करतो नाहीतर थोडक्यात हरतो. तरी बेरजेत पहिला, कारण समोरच्यालाही चांगलं खेळायला लावतो. पहिले आठही क्रमांक अशा प्रोग्रामांचे होते जे आपणहून आधी दगा देत नाहीत. निकाल सगळ्यांना कळवून दुसरी स्पर्धा घेतली, सहा देशांतून ६२ प्रवेशिका आल्या. पुन्हा हाच पहिला.

आडवा तिडवा (सोमवार, रात्री ११:४१)

थोडक्यात, हरत हरत स्पर्धा जिंकला. मी आयुष्यभर पहिला भाग करतोय, दुसरा कधी होतो ते कळवा.

नीरक्षीर (मंगळवार, सकाळी ७:२०)

या गोष्टीचा इतका उदो उदो झालाय की कुणीतरी पाणी ओतायला हवं.

पहिल्या स्पर्धेत 'दोनदा खाल्ल्यावरच एकदा फिरवा' असा जरा जास्त सोशिक प्रोग्राम कुणी पाठवला असता तर तो जिंकला असता. हे खुद्द ॲक्सेलरॉडनीच दाखवून दिलं. मग दुसऱ्या स्पर्धेत जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी तोच पाठवला. नंबर आला चोविसावा! कारण तोवर सोशिकांना लुबाडणारे प्रोग्राम मैदानात उतरले होते. म्हणजे अमुक डावपेच श्रेष्ठ असं काही नसतंच. आजूबाजूला कोण आहे यावर ठरतं.

आणि २००४ची गोष्ट कुणी सांगत नाही. ती स्पर्धा पुन्हा भरवली तेव्हा साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने एकट्याने साठ प्रोग्राम उतरवले. ते सुरुवातीच्या काही चालींच्या ठरावीक खुणेवरून एकमेकांना ओळखत. ओळख पटली की एक मुद्दाम हरायचा आणि दुसऱ्याला दर डावी ५ गुण चारायचा. परका दिसला की दगा. पहिले तिन्ही क्रमांक त्यांचे, आणि तळाशीही त्यांचेच ढीगभर. याला सहकार्य म्हणायचं की टोळी? व्याख्येत दोन्ही बसतं.

शून्य प्रहर (मंगळवार, सकाळी ८:०५)

नीरक्षीर यांना अनुमोदन, आणि माझा एक अनुभव. यात 'जशास तसे'ची खरी खोड दिसते.

शिकत असताना आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. करार असा की आपापली भांडी आपण घासायची. वर्षभर सुरळीत. एक दिवस मोरीत एक कप दिसला, तळाशी चहाचं वाळलेलं कडं. माझा नव्हे, म्हणजे त्याचा. मी काही बोललो नाही, पण त्या रात्री माझं ताट तसंच ठेवलं. सकाळी त्याने ताट पाहिलं आणि त्याची कढई ठेवली. मग मी दोन वाट्या. तीन आठवड्यांनी मोरीचा नळ दिसेना. घरात पेले उरले नाहीत तेव्हा मी बाटलीच्या झाकणातून औषध घेत होतो, तोही तसंच काहीतरी करत असणार. अबोला होता तो वेगळाच.

शेवटी एकदाचं भांडण होऊन सगळं घासायला घेतलं. त्या कपाच्या बुडाशी निळ्या रंगाचा ठिपका होता. माझ्या कपांवर मीच ओळखीसाठी लावलेला.

दोघंही वाईट नव्हतो. दोघंही इमानदारीत जशास तसे वागत होतो, तिथेच तर घात झाला.

चक्रम चिमणी (मंगळवार, सकाळी ९:१०)

बाटलीचं झाकण :)))

गणितातला काटा (मंगळवार, सकाळी ९:३४)

शून्य प्रहर, तुमची मोरी पाठ्यपुस्तकात घालण्यासारखी आहे. हाच तो गैरसमजाचा प्रश्न.

दोन 'जशास तसे' समोरासमोर बसवा. एकाच्या हातून चुकून एकदा द पडला की पुढे एकाला ५ दुसऱ्याला ०, मग उलट, मग पुन्हा उलट, असं झोके घेत बसतात. सरासरी ३ वरून अडीचवर. त्यात आणखी एक चूक झाली की दोघेही द-द मध्ये अडकू शकतात, मग १-१. चुका अगदी क्वचित होत असल्या तरी लांब पल्ल्यात चारही अवस्थांत (स-स, स-द, द-स, द-द) सारखाच वेळ जातो आणि सरासरी सव्वादोन. चाली नाणं उडवून ठरवल्या तरी सव्वादोनच पडतात! एवढी नेकी करून हाती तेवढंच.

तोड काय? एक, अधूनमधून माफ करा. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मुंड यांनी १९९२ साली दाखवलं की चुका होणाऱ्या जगात हाच 'उदार' डावपेच शेवटी जम बसवतो. किती उदार? आपल्या ३-१-५-० गुणांना साधारण तिनातल्या एका दग्याकडे काणाडोळा. आणि केव्हा ते समोरच्याला कळता कामा नये. दर तिसरा माफ असं ठरलेलं कळलं तर तो दर तिसऱ्यालाच हात मारेल.

दोन, 'फळलं तर धरा, नाहीतर बदला'. ३ किंवा ५ मिळाले तर तीच चाल पुन्हा, १ किंवा ० मिळाले तर चाल पालटा. दोन असे समोरासमोर असले की चूक झाल्यावर एक डाव दोघांचं वाजतं आणि पुढच्याच डावाला दोघं पुन्हा साथीवर. हा त्याच दोघांचा १९९३चा निष्कर्ष. तोटा म्हणजे पक्क्या दगेबाजासमोर हा एक आड एक डाव मार खातो, आणि भोळा सापडला तर निर्लज्जपणे लुबाडत राहतो.

उंटावरून (मंगळवार, सकाळी १०:०२)

भोळा सापडला की लुबाडतो, फटका बसला की सुधारतो. डावपेच कसला, हे तर ओळखीच्या अर्ध्या माणसांचं वर्णन झालं.

तळटीप (मंगळवार, दुपारी १२:२५)

थोडं तंत्रज्ञानाकडून. बिटटॉरेंट नावाचा फायली वाटून घेण्याचा प्रकार बऱ्याच जणांनी वापरला असेल (कशासाठी ते विचारत नाही). ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली तो आणला. अडचण ही की सगळे घेणारे, देणारा कुणी नाही. राजाने हौद दुधाने भरायला सांगितला आणि सकाळी हौदात नुसतं पाणी, ती गोष्ट.

त्यांनी आत 'जशास तसे' बसवलं. तुमचा संगणक साधारण चार जणांना डेटा देतो, त्याला जे सर्वांत वेगाने देतायत त्यांनाच, आणि दर दहा सेकंदांनी यादी पुन्हा तपासतो. पण एवढंच असतं तर नवा माणूस कायम उपाशी राहिला असता, त्याच्याकडे द्यायला काहीच नसतं. म्हणून एक जागा वेगळी: दर तीस सेकंदांनी कुणातरी अनोळखी संगणकाला, काही मिळालेलं नसताना, देऊन बघायचं. तो परत देऊ लागला तर नातं जुळलं.

मी एकदा हौसेने ती जागा बंद करून पाहिली होती, म्हटलं फुकट कशाला द्या. माझाच वेग पडला. ओळखीचे चार सोडून दुसरं कुणी भेटेनाच.

अर्धविराम (मंगळवार, दुपारी १:४०)

तळटीप, हे फार आवडलं. दर तीस सेकंदांनी एका अनोळखीवर जुगार.

पण सगळे 'पुन्हा भेटणार' याच खुंटीभोवती फिरताय. माझी ती जोडी पुन्हा भेटणार नव्हती.

सांजवात (मंगळवार, दुपारी ३:१२)

जीवशास्त्र शिकवते म्हणून माझी बाजू मांडते.

प्राण्यांमध्ये तीन वाटा दिसतात. पहिली रक्ताची. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन, १९६४: नात्याची जवळीक गुणिले समोरच्याचा फायदा, हा माझ्या तोट्यापेक्षा जास्त असेल तर ते वागणं टिकतं. दुसरी देवाणघेवाणीची, रॉबर्ट ट्रिव्हर्स, १९७१. रक्त पिणारी वटवाघळं उपाशी राहिलेल्या सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त काढून देतात. दोन-तीन रात्री उपास घडला तर जिवावर बेततं, म्हणून त्याला ते लाखमोलाचं आणि देणाऱ्याला थोडक्यात परवडणारं.

तिसरी वाट अर्धविराम यांच्या कामाची: बघणाऱ्यांची. प्रवाळात स्वच्छक मासे असतात. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन टाकायचे हा त्यांचा धंदा. पण त्यांना खरं आवडतं ते गिऱ्हाइकाच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण. त्याचा लचका तोडला की मोठा मासा दचकून झटका देतो, तो झटका लांबून दिसतो. रांगेत दुसरं गिऱ्हाईक बघत असेल तेव्हा हे मासे जास्त शहाण्यासारखे वागतात असं प्रयोगांत दिसलं आहे. समोरचा पुन्हा न भेटला तरी बघणारा भेटणार असतो.

आणि अवांतर. जॉर्ज प्राइस या माणसाबद्दल वाचा. मेनार्ड स्मिथबरोबर १९७३ साली उत्क्रांतीत गेम थिअरी, म्हणजे अशा खेळांचं गणित, आणली ती यांनी. परोपकाराचं कोरडं समीकरण मांडलं आणि नंतर आपलं जवळचं सगळं बेघर लोकांना वाटून टाकत सुटले. १९७५च्या जानेवारीत फार वाईट अवस्थेत गेले. वर्गात हे सांगताना मी दरवेळी थोडी थांबते.

खोडरबर (मंगळवार, दुपारी ३:२०)

बघणारे वगैरे ठीक, पण अर्धविरामच्या खेळात चिठ्ठ्या होत्या. कोण बघत होतं?

मी पहिल्याच प्रतिसादात एका शब्दात उत्तर दिलं होतं, ते हसण्यावारी नेलंत. माणूस प्रत्येक वेळी गुण मोजत बसत नाही. जे वळण लागलंय तसं वागतो.

नीरक्षीर (मंगळवार, दुपारी ४:०५)

खोडरबर, तुमच्या बाजूने एक पुरावा देतो, आणि त्यातच तुमच्याविरुद्धचाही. २००४ साली छापलेल्या एका प्रयोगात हाच पेच दोन गटांना दिला. गुण तेच, नियम तेच. एकाला नाव सांगितलं 'वॉल स्ट्रीट खेळ', दुसऱ्याला 'समुदाय खेळ'. पहिल्यात साधारण एक तृतीयांश लोकांनी साथ दिली, दुसऱ्यात दोन तृतीयांश. हिशोब तोच असून वागणं पालटलं, म्हणजे नुसते गुण पुरत नाहीत, इथपर्यंत तुम्ही बरोबर. पण संस्कार पक्के असते तर नुसत्या पाटीने एवढा फरक पडला असता का? आणखी म्हणजे, माणसांना चांगली ओळखणाऱ्यांना आधी विचारलं होतं की कोण साथ देईल. त्यांचे अंदाज कुचकामी ठरले.

आडवा तिडवा (मंगळवार, दुपारी ४:११)

अर्थशास्त्राचे विद्यार्थी या खेळात जास्त दगा देतात असंही वाचलंय. सुमारे ६० टक्के, बाकीचे ३९. कॉर्नेल विद्यापीठ, १९९३. आमच्या घरी दोन अर्थशास्त्री आहेत, म्हणून मी हा शोध फ्रीजवर चिकटवला आहे. आज सकाळी तो कागद गायब.

कुंपणावरची (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

दोघांच्या खेळातून बाहेर या जरा. समाज म्हणजे दोन माणसं नव्हेत. चाळीस जण असतील तर जशास तसं कुणाला करणार? एकाने दगा दिला म्हणून मी हात आखडला तर उरलेल्या ३८ जणांना फुकटची शिक्षा.

तिथे दंड लागतो. एर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांचा २००२चा प्रयोग बघा. चौघांचा गट, सामाईक पेटीत जमेल तितकं घालायचं, पेटीतली रक्कम वाढवून सगळ्यांत सारखी वाटली जाते. न घालणाऱ्यालाही वाटा मिळतो. दर डावाला गट मोडून नवे गट, म्हणजे तेच लोक पुन्हा भेटतच नाहीत. अपेक्षेप्रमाणे पेटी हळूहळू रिकामी होते. मग नियम घातला: आपलं १ खर्च केलं की दुसऱ्याचे ३ कमी करता येतील. दंड करणाऱ्याला स्वतःला काडीचा फायदा नाही. तरी लोकांनी पदरमोड करून फुकट्यांना झोडलं आणि पेटी भरत गेली. काटासाहेब, तुमचा 'श' इथे शून्य आहे.

अर्थात मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हा प्रश्न राहतोच. दुसऱ्याने दंड करावा, मी कशाला वाईट होऊ! २००८ साली हाच खेळ १६ शहरांत खेळवला तेव्हा काही ठिकाणी भलताच प्रकार दिसला. कमी घालणारे लोक जास्त घालणाऱ्यांनाच दंड करत होते. चोराच्या उलट्या बोंबा. तिथे दंडाची सोय देऊनही सहकार्य फारसं वाढलं नाही.

म्हणून मला एलिनॉर ऑस्ट्रॉम जास्त पटतात (२००९चं अर्थशास्त्राचं नोबेल). १९६८ साली गॅरेट हार्डिन म्हणाले होते की सामाईक कुरण उजाडच व्हायचं. ऑस्ट्रॉमनी खरी कुरणं, पाण्याचे पाट, मासेमारीच्या जागा पाहिल्या. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ सालचा नियम आहे: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जगवता येतील तितक्याच गायी उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. काय साधा नियम! मोजायला सोपा, कारण गोठ्यातल्या गायी सगळ्या गावाला दिसतात. टिकलेल्या बहुतेक व्यवस्थांत तेच ते: हद्द ठरलेली, नियम तिथल्या लोकांनी केलेले, राखणदार त्यांच्यातलाच, दंड आधी हलका, पुन्हा चुकलात तर जड.

तळटीप (मंगळवार, सायंकाळी ६:५५)

दंड आणि दंड यातही फरक हं. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवरचा अभ्यास, छापला २०००मध्ये. मुलांना न्यायला पालक उशिरा येतात म्हणून दहापैकी सहा ठिकाणी दंड ठेवला. उशीर जवळजवळ दुप्पट झाला. आधी ताईंसमोर मान खाली घालावी लागायची, आता पैसे दिले की मोकळे. दंड काढून टाकल्यावरही उशीर तसाच राहिला.

उंटावरून (मंगळवार, रात्री ८:२०)

या सगळ्यात सहकार्य म्हणजे चांगलंच असं कुणी ठरवलं?

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर समोरासमोरच्या खंदकांत महिनोन् महिने तेच सैनिक होते. न ठरवता ठरलं, तुम्ही नेम चुकवा, आम्हीही चुकवू. तोफा ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी. बदली होऊन जाणारी तुकडी येणाऱ्यांना ही रीत समजावून जायची. वरिष्ठांनी छापे घालायची सक्ती केली तेव्हा ते मोडलं, कारण छाप्यात खरी मढी पडतात, नेम चुकवल्याचं सोंग करता येत नाही. हे गोड उदाहरण.

आता कडू. किमती पाडायच्या नाहीत असं चार कंपन्या ठरवतात तेव्हाही हाच खेळ, हीच साथ, हाच पुन्हा भेटण्याचा धाक. १९९०च्या दशकात लायसीन या पशुखाद्यातल्या द्रव्याच्या कंपन्यांनी असं केलं आणि एफबीआयने त्यांच्या बैठका चोरून चित्रित केल्या. अमेरिकेत १९९३पासून नियम असा की जी कंपनी पहिली येऊन कबुली देईल तिला माफी. सरकारने मुद्दाम कैद्यांचा पेच मांडून ठेवलाय, साथ तुटावी म्हणून!

कुंपणावरची (मंगळवार, रात्री ८:३१)

मान्य. आतल्यांची साथ म्हणजे बाहेरच्यांना दगा असू शकतो. पण मग साउदॅम्प्टनची टोळी, खंदक आणि लायसीन यांना एकच शब्द पुरतो का? मला नाही वाटत.

चक्रम चिमणी (मंगळवार, रात्री १०:०५)

काल सविस्तर लिहीन म्हटलं होतं, सगळ्यांनी लिहून टाकलं. एकच भर. बघणाऱ्यांची जी वाट सांजवातताईंनी सांगितली तिला नाव लागतं. नाव बदलून पुन्हा येणं फुकट असेल तर पत नावाची चीजच उरत नाही, आणि मग प्रत्येक नव्या माणसाकडे सगळे संशयाने बघतात. चांगल्या नवख्यांनाही त्याचा भुर्दंड. आपल्याकडचे डुप्लिकेट आयडी आठवा.

आडवा तिडवा (मंगळवार, रात्री १०:०७)

माझ्याकडे बघून का बोलताय?

तिडवा आडवा (मंगळवार, रात्री १०:०९)

हो ना, उगाच गरिबाला.

सांजवात (बुधवार, सकाळी ६:५०)

सकाळी सकाळी हसले.

अर्धविराम, एक विचारायचं राहिलं. त्या चिठ्ठ्या टाकल्यात की आहेत? असतील तर त्या जोडीच्या दहाव्या डावाच्या बघा ना. आपण इथे दोन दिवस त्यांच्या डोक्यात शिरतोय, कागद कुणी पाहिलाच नाही.

अर्धविराम (बुधवार, दुपारी १:१५)

आहेत. प्रत्येक जोडीचं वेगळं पाकीट, खणात होतं. जेवणाच्या सुट्टीत उघडलं. त्या दिवशी मी फक्त शेवटचं अक्षर बघून गुण मांडले होते.

वीस चिठ्ठ्या. एकोणिसांवर सरळ स. दहाव्या डावाच्या दोनपैकी एकीवर आधी द लिहिलेला आहे. तो खोडलाय, एक रेघ मारून नव्हे, कागद मागून उमटेपर्यंत गिरवून. आणि शेजारी लहानसा स.

म्हणजे एकाने हिशोब पूर्ण केला होता. द लिहूनही झाला होता. चिठ्ठी घडी घालण्याआधीच्या पाच-दहा सेकंदांत काय झालं ते कागदावर नाही. मी समोरच उभा होतो आणि मला दिसलं नाही.

गणितातला काटा (बुधवार, दुपारी १:२८)

खोडलेल्या द ला गुण किती धरायचे?

खोडरबर (बुधवार, दुपारी १:३०)

या धाग्यावर खोडण्याबद्दल मी काही बोलणं योग्य नाही.

नीरक्षीर (बुधवार, दुपारी २:१०)

दुसऱ्याने बिनखोडीचा स लिहिला, त्याचं कौतुक जास्त की खोडणाऱ्याचं? मला ठरवता येत नाहीये. कदाचित दुसऱ्याला हिशोबच कळला नसेल.

कुणाची चिठ्ठी ते विचारा की दोघांना.

अर्धविराम (बुधवार, दुपारी २:४५)

चिठ्ठीवर नाव नाही. अक्षरावरून कळेल बहुतेक, हजेरीवर दोघांच्या सह्या आहेत. पण विचारलं तर खोडलेला द दुसऱ्यालाही कळणार, आणि दोघं आता अधूनमधून एकत्र जेवतात. पाकीट परत चिकटवलं.

तळटीप (बुधवार, दुपारी ३:००)

पुढच्या खेपेला डाव किती ते सांगू नका आणि पेन्सिली द्या, खोडलेलं नीट वाचता येईल. मी रविवारी शून्य प्रहर यांच्या मोरीचं सिम्युलेशन लिहून इथे टाकतो. कप किती दिवसांनी एकदा चुकीचा ओळखला जातो असं धरू?

शून्य प्रहर (बुधवार, दुपारी ३:०४)

वर्षातून एकदा. तेवढा पुरला.